चढावर इंजिन ठोकतंय: कॉम्प्रेशन रेशोवर खापर फोडण्याआधी

लक्षण ठरलेलं असतं. इंजिन बोअर केलं, हेड फेस केलं, नवे पिस्टन-रिंग टाकले. रिकामं चालताना अगदी गोड चालतं. पण वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला, चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. टाइमिंग (स्पार्क पडायची वेळ) थोडं मागे घेतलं की आवाज जातो, पण गाडी मरगळते. हवा तापली किंवा टाकीत वेगळं पेट्रोल पडलं की आवाज परत हजर. मग सल्ला मिळतो, 'कॉम्प्रेशन जास्त झालंय, जाड गॅस्केट टाका.' ती पडते, ताकद जाते, आणि पुष्कळदा ठोकणं होतं तिथेच राहतं.

कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन तळाशी असतानाची आणि वर असतानाची सिलिंडरमधली जागा यांचं प्रमाण) हा या दुखण्याचा एकच भागीदार आहे, आणि बदलायला सगळ्यांत महाग. म्हणून त्याला हात सर्वांत शेवटी लावायचा. आणि लावायचाच झाला तर जाड गॅस्केटने नाही. का, ते पुढे आकड्यांनिशी येईल.

आवाज नक्की डेटोनेशनचाच, म्हणजे ठोकण्याचाच आहे ना?

सैल हीट शिल्ड, एक्झॉस्ट गॅस्केटची गळती आणि पिस्टन स्लॅप (ढिला पिस्टन सिलिंडरला आपटणं) यांचा आवाज हुबेहूब फसवतो. पिस्टन स्लॅप थंड इंजिनला जास्त असतो आणि तापल्यावर कमी होतो. डेटोनेशनचं उलट. सोपी चाचणी अशी: आवाज येत असताना थ्रॉटल थोडासाच सोडा. डेटोनेशन असेल तर आवाज त्याच क्षणी तुटतो. दुसरी चाचणी, टाकी जवळजवळ रिकामी करून चार-पाच अंकांनी जास्त ऑक्टेनचं (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची न ठोकण्याची क्षमता) पेट्रोल भरा आणि त्याच चढावर त्याच गिअरमध्ये चालवा. आवाज तसाच राहिला तर दुखणं यांत्रिक आहे किंवा प्री-इग्निशन आहे.

डेटोनेशन आणि प्री-इग्निशन यांतला फरक नीट समजून घ्या, कारण औषध वेगळं आहे. डेटोनेशनमध्ये स्पार्क वेळेवर पडतो, ज्वाला पसरू लागते, आणि तिच्या पुढे कोपऱ्यात दाबलं गेलेलं उरलेलं मिश्रण दाब-तापमान सहन न होऊन एकदम पेटतं. चेंबरमध्ये दाबाच्या लाटा आपटतात, तोच तो आवाज. प्री-इग्निशनमध्ये स्पार्कच्या आधीच एखादा तापलेला भाग मिश्रण पेटवतो: लाल झालेला प्लग, कार्बनचा खडा, व्हॉल्व्हची पातळ धार, गॅस्केटची आत आलेली कड. त्यात कित्येकदा आवाज येतच नाही. थेट पिस्टनच्या मध्याला भोक पडतं. डेटोनेशनचा मार कडेला दिसतो. पिस्टनच्या काठावर वाळूचा फवारा मारल्यासारखे खड्डे, वरच्या दोन रिंगांमधला लँड तुटलेला.

प्लग काढून भिंगाखाली बघा. पांढऱ्या इन्सुलेटरवर मिरपुडीसारखे काळे ठिपके म्हणजे डेटोनेशन सुरू आहे. त्यात चकचकीत बारीक मणी दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. मग गाडी तिथेच थांबवा, प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घाला आणि पिस्टन बघितल्याशिवाय पुन्हा चालू करू नका.

हिशोब तापमानाचा आहे

कोपऱ्यातलं मिश्रण किती तापलं आणि ज्वाला तिथे पोहोचेपर्यंत त्याला किती वेळ मिळाला, यावर सगळं ठरतं. कमी आरपीएमला हा वेळ जास्त असतो, म्हणून ठोकणं तिथे आधी ऐकू येतं.

दाबल्यावर वायू किती तापतो याचं सूत्र: शेवटचं तापमान = सुरुवातीचं तापमान × रेशोचा (गॅमा उणे १) घात. तापमान केल्व्हिनमध्ये धरायचं. गॅमा म्हणजे वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर; मिश्रणासाठी ते साधारण १.३३ घ्या. सिलिंडरमधलं मिश्रण ५७° से. म्हणजे ३३० केल्व्हिन असेल तर ९:१ ला ते सुमारे ४०८° पर्यंत जातं, ११:१ ला सुमारे ४५५° पर्यंत. आता रेशो ९:१ च ठेवा आणि मिश्रण ३० अंशांनी गरम, ८७° चं घ्या. आकडा येतो सुमारे ४७०°. म्हणजे तापमानापुरतं बघितलं तर ३० अंश गरम हवा ही रेशो दोनाने वाढवण्यापेक्षा जड पडली. हा आदर्श हिशोब आहे, भिंतींतून जाणारी उष्णता त्यात नाही आणि गरम हवेची घनता कमी असते हेही नाही. पण रेडिएटरमागची गरम हवा ओढणारा एअर फिल्टर का ठोकवतो, हे त्यातून कळतं.

माझदाच्या स्कायॲक्टिव्ह-जी इंजिनाने साध्या पेट्रोलवर १४:१ रेशो चालवला, तो याच दिशेने: डायरेक्ट इंजेक्शनने (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडून) मिश्रण थंड केलं आणि लांब ४-२-१ एक्झॉस्टने (चार नळ्यांच्या दोन, दोनांची एक) सिलिंडरमध्ये मागे उरणारा जळका गरम वायू कमी केला. चोंदलेला सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नेमकं उलटं करतो, हे लक्षात असू द्या.

हेड न उघडता तपासायच्या गोष्टी

पेट्रोल. पंपावरचा ऑक्टेन आकडा कोणत्या पद्धतीचा आहे ते आधी बघा. रॉन, मॉन आणि दोघांची सरासरी म्हणजे एकेआय, असे तीन आकडे असतात. एकच पेट्रोल रॉनमध्ये ९१ आणि एकेआयमध्ये ८७ च्या आसपास असतं. परदेशी मॅन्युअलमधला '८७' वाचून ९१ रॉनला 'भारी पेट्रोल' समजू नका. रॉनची चाचणी ६०० आरपीएमला होते आणि मॉनची ९०० ला, मिश्रण १४९° से. पर्यंत तापवून. त्यामुळे गरम, जोरात चालणाऱ्या इंजिनाला मॉन जास्त लागू पडतो. ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवर '३० पॉइंट' लिहिलेलं असलं तर हुरळू नका. या धंद्यात १ पॉइंट म्हणजे बहुतेक वेळा ऑक्टेनचा ०.१. फेरोसीन असलेला बूस्टर प्लगवर तांबूस थर सोडतो, आणि तो थर वीज वाहतो. ठोकणं थांबलं नि मिसफायर सुरू झाला, असं त्याने होतं.

इथेनॉलचा मुद्दा दुधारी आहे. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो आणि बाष्पीभवनात मिश्रण थंड होतं. पण शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल असलेल्याला सुमारे १३.५. सेन्सरवाली इंजेक्शन गाडी हे सावरून घेते. कार्बोरेटरचा जेट मात्र जुनाच असतो, म्हणून मिश्रण आठ-दहा टक्के लीन (हवा जास्त, इंधन कमी) होतं.

टाइमिंग. टाइमिंग गन लावण्याआधी फ्लायव्हीलवरची किंवा पुलीवरची टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असण्याची) खूण खरी आहे का ते बघा. रबर बसवलेल्या क्रँक पुलीची बाहेरची रिंग सरकते, आणि मग गन प्रामाणिकपणे खोटं सांगते. प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घाला, क्रँक हाताने एका दिशेने टेकेपर्यंत फिरवून खूण करा, मग उलट दिशेने टेकेपर्यंत फिरवून दुसरी खूण करा. दोघींचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी. त्यानंतर आयडलला नाही, तर ॲडव्हान्स (टीडीसीच्या किती अंश आधी स्पार्क पडतो) पूर्ण भरल्यावर, साधारण ३००० ते ३५०० आरपीएमला मोजा. दोन व्हॉल्व्हच्या जुन्या चेंबरला एकूण ३२ ते ३६ अंश, चार व्हॉल्व्हच्या पेंटरूफ चेंबरला २६ ते ३० अंश ही नेहमीची पट्टी. पण मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच अंतिम. डिस्ट्रिब्युटर असेल तर वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात का ते बघा. ॲडव्हान्स एकूण बरोबर असतो, पण हजार आरपीएम आधीच येऊन बसतो. ठोकणं फक्त मधल्या आरपीएमला येतं तेव्हा चोर बहुधा इथेच सापडतो.

टाइमिंग मागे घेणं हे निदान म्हणून चालतं, इलाज म्हणून नाही. एका वेळी २ अंश, आणि एकूण ४ ते ६ अंशांत आवाज गेला नाही तर तिथेच थांबा. त्यापुढे जळण एक्झॉस्टमध्ये संपतं. व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड तापतात.

मिश्रण. पूर्ण थ्रॉटलला लॅम्बडा (मिळालेली हवा भागिले इंधन पूर्ण जळायला लागणारी हवा) ०.८५ ते ०.९० हवा, शुद्ध पेट्रोलच्या भाषेत १२.५ ते १३.२. वाइडबँड मीटर लॅम्बडावर ठेवूनच वाचा, नाहीतर इथेनॉलमुळे आकड्यांचा गोंधळ होतो. लोडवर लॅम्बडा ०.९५ च्या वर चढत असेल तर कॉम्प्रेशनचा विचारसुद्धा करू नका. आधी फिल्टर, पंपाचा दाब लोडखाली पडतो का, फ्लोटची पातळी, मॅनिफोल्डची गळती, हवा मोजणाऱ्या सेन्सरवरची धूळ. एकाच सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा पांढरा दिसला तर बहुधा त्याच सिलिंडरचा इंजेक्टर चोंदलाय.

प्लगची हीट रेंज, म्हणजे प्लगचं टोक किती लवकर थंड होतं. इथे क्रमांकाची दिशा कंपनीगणिक उलटी असते. एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉश आणि चॅम्पियनमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम. 'आठ नंबर काढला, आठ नंबरच टाकला' या समाधानात पिस्टन गेलेले आहेत.

उरलेल्या गोष्टी पटकन: थर्मोस्टॅट अर्धवट उघडणं, हेडमध्ये अडकलेली हवा, चोंदलेला ईजीआर, म्हणजे जळका वायू थोडा परत आत सोडणारी यंत्रणा (ती बंद पडली की अर्ध्या थ्रॉटलवर, सपाट रस्त्यावरही ठोकतं), आणि तेल. ब्रीदरमधून किंवा व्हॉल्व्ह सीलमधून चेंबरमध्ये येणारं इंजिन ऑइल मिश्रणाचा ऑक्टेन सरळ खाली ओढतं. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या इंजिनात कमी आरपीएमला अवचित एकच दणका बसत असेल तर ते एलएसपीआय, म्हणजे कमी वेगावरचं प्री-इग्निशन, असू शकतं. तिथे एपीआय एसपी दर्जाचं तेल हा पहिला इलाज.

ठोकणं ऐकणारा नॉक सेन्सर असेल तर त्याचा बोल्ट बघा. नेहमीच्या कडीसारख्या सेन्सरला २० न्यूटन-मीटर (पाच इकडे-तिकडे) टॉर्क लागतो; खाली वॉशर, पेंट, गॅस्केट सिमेंट काहीही नको. सैल बसवलेला सेन्सर बहिरा होतो, ईसीयू (इंजिनाचा संगणक) टाइमिंग मागे घेत नाही, आणि दोष नव्या पिस्टनवर जातो.

कॉम्प्रेशन गेज काय सांगतं, काय नाही

इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि इंधन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली, स्टार्टर मारून पाच ते सहा दणके. सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. १०:१ च्या आसपासच्या इंजिनात १७० ते १९० पीएसआय नेहमीचं. २०० च्या वर गेलं की साध्या पेट्रोलवर धोक्याची घंटा. मोटरसायकलच्या कॅमवर डीकॉम्प्रेशनची यंत्रणा असेल तर आकडा खोटा कमी येतो.

गेजवरून रेशो काढता येत नाही, कारण इनटेक व्हॉल्व्ह बीडीसीनंतरही (पिस्टन तळाला पोहोचल्यानंतरही) उघडाच असतो आणि तो बंद होईपर्यंत काहीही दाबलं जात नाही. ७० मिमी बोअर, ६५ मिमी स्ट्रोक, ११० मिमी कनेक्टिंग रॉड आणि १०:१ रेशो असलेलं सिलिंडर घ्या. व्हॉल्व्ह बीडीसीनंतर ६० अंशांनी बंद झाला तर पिस्टनचा दाबायचा खरा प्रवास ५२.४ मिमी उरतो, आणि डायनॅमिक रेशो ८.२५ येतो. ४५ अंशांनी बंद झाला तर ९.०. ७० अंशांनी झाला तर ७.६. पंपाच्या पेट्रोलवर हा आकडा साधारण ७.५ ते ८.५ मध्ये असला की बरं. लोखंडी हेडला खालच्या बाजूला राहा. म्हणून 'रेस कॅम' काढून कंपनीचा कॅम परत टाकला आणि पिस्टन तेच ठेवले, की ठोकणं सुरू होतं. कॅम चेन एक दात पुढे बसली तरी तेच. गेज अचानक जास्त दाखवत असेल तर हेड उघडण्याआधी कॅमच्या खुणा जुळवा.

जुन्या, न उघडलेल्या इंजिनात वाढलेल्या आकड्याचं कारण कार्बन. पिस्टनवर आणि चेंबरमध्ये ०.३ मिमी थर जमला तर वरच्या इंजिनात जवळपास २.५ सीसी जागा जाते आणि १०:१ चं १०.९ होतं. शिवाय तो थर उष्णता धरून ठेवतो. अशा इंजिनाला नवी गॅस्केट लागत नाही, साफसफाई लागते.

हेड उघडलंच आहे, तर मोजा

अंदाजाने काहीही ठरवू नका. लागतात: १०० मिलिची ब्युरेट, मध्ये भोक पाडलेली ॲक्रिलिकची ६ ते ८ मिमी जाड पट्टी, ग्रीस, रंग टाकलेलं पातळ द्रव, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर.

हेड उलटं ठेवा, किंचित तिरकं, प्लग आणि व्हॉल्व्ह जागेवर. चेंबरच्या कडेला ग्रीसची पातळ रेघ ओढून पट्टी दाबा, भोक सर्वांत उंच बाजूला घ्या आणि हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत भरा. समजा २०.५ सीसी आलं. आता पिस्टन टीडीसीपासून डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाच्या) बरोबर १० मिमी खाली आणा, कडेला ग्रीस लावा, भरा. सपाट पिस्टन असता तर ३८.५ सीसी लागलं असतं. ४१ लागलं, म्हणजे पिस्टनवरचे खड्डे २.५ सीसीचे. टीडीसीला पिस्टन डेकच्या ०.२ मिमी खाली राहतो, ते ०.७७ सीसी. गॅस्केटचं भोक ७१ मिमी आणि दाबल्यानंतरची जाडी १ मिमी, ते ३.९६ सीसी. इथे नव्या गॅस्केटची जाडी धरायची नाही, दाबलेल्या जुन्या गॅस्केटची मोजायची.

बेरीज २७.७३ सीसी. सिलिंडरचं आकारमान २५०.१५ सीसी. (२५०.१५ + २७.७३) भागिले २७.७३ म्हणजे १०.०.

याच हिशोबात बघा: नुसता बोअर ७१ मिमी केला, बाकी सगळं तसंच, तरी रेशो १०.२५ च्या पुढे जातो. हेडवरून ०.५ मिमी काढलं आणि चेंबरच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३४ चौसेमी असेल तर १.७ सीसी गेलं, रेशो १०.६. दोन्ही कामं एकाच वेळी होतात, आणि 'थोडंसंच घासलं' म्हणणाऱ्याला आपण ११ च्या जवळ आलो हे कळतही नाही.

जाड गॅस्केटचा सापळा

रेशोबरोबर दुसरा आकडा मोजायचा असतो तो स्क्विशचा: टीडीसीला पिस्टनचा सपाट काठ आणि हेडचा सपाट काठ यांतलं अंतर. वरच्या उदाहरणात ०.२ + १.० = १.२ मिमी. हा चिमटा मिटताना कडेचं मिश्रण मध्यभागी ढकलतो, घुसळतो, ज्वाला वेगाने पसरते. आणि कडेला जे उरतं ते दोन थंड धातूंमध्ये इतकं पातळ असतं की पेटत नाही. ज्या कोपऱ्यात डेटोनेशन जन्मतं तो कोपराच अशा प्रकारे काढून टाकला जातो. चांगला पल्ला ०.९ ते १.१ मिमी.

आता २ मिमीची गॅस्केट टाका. रेशो १०.० वरून ८.९ झाला, कागदावर छान. पण स्क्विश २.२ मिमी झाला. घुसळण गेली, जळण मंदावलं, आणि कडेला आता पेटण्याइतकं जाड, गरम मिश्रण ताटकळत बसलंय. म्हणून रेशो उतरूनही ठोकणं जात नाही. दोन गॅस्केट एकावर एक ठेवणाऱ्यांना वर गळती बक्षीस मिळते.

तेच ८.९ मिळवण्याचा नीट मार्ग: गॅस्केट १ मिमीचीच ठेवा आणि चेंबरमधून ३.९६ सीसी धातू काढा. स्क्विशच्या सपाट पट्ट्यांना हात लावू नका. व्हॉल्व्हभोवतीच्या भिंती मोकळ्या करा, प्लगच्या भोकाजवळच्या आणि व्हॉल्व्हच्या खाचांच्या धारदार कडा पॉलिश पेपरने गोल करा, सगळी चेंबर्स ०.२ सीसीच्या आत सारखी आणा. भिंतीमागे पाण्याची वाट असते, तिथे धातू किती उरतो ते आधी जाणून घ्या. जागा नसेल तर खोलगट, म्हणजे डिश पिस्टन घ्या, पण त्याचा काठ सपाट आणि डेकला जुळणारा हवा. खरं तर इतकं खाली यायची गरज क्वचितच पडते. पुष्कळदा ९.६ चा रेशो आणि १.० मिमीचा स्क्विश हा ८.९ आणि २.२ मिमीपेक्षा शांत चालतो.

स्क्विश प्रत्यक्षात तपासायला सोल्डरची तार वापरा, १.५ ते २ मिमी जाडीची. दोन तुकडे पिस्टनवर गजनपिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत, दोन्ही टोकांना ग्रीसने चिकटवा. एकाच बाजूला ठेवलं तर पिस्टन कलतो आणि आकडा खोटा येतो. गॅस्केट घालून हेड पूर्ण टॉर्कला कसा, क्रँक हाताने एक फेरा फिरवा, हेड काढून चेपलेली टोकं मायक्रोमीटरने मोजा. स्टीलच्या रॉडच्या इंजिनात ०.८ च्या खाली जाऊ नका. जास्त आरपीएमला रॉड ताणतो आणि पिस्टन हेडला लागतो. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतरही याच वेळी मातीचा गोळा ठेवून बघा: इनटेकला किमान १.५ मिमी, एक्झॉस्टला २ मिमी.

बसवल्यानंतर

टाइमिंग मॅन्युअलपेक्षा ४ अंश मागे ठेवून सुरुवात करा, मिश्रण लॅम्बडा ०.८५ वर. इंजिन पूर्ण तापू द्या. तोच चढ, तोच गिअर, १८०० ते २५०० आरपीएम, पूर्ण थ्रॉटल, एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. नुसत्या कानावर विश्वास ठेवू नका. ब्लॉकला बोल्टने तांब्याची नळी लावून तिच्या दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि कानरक्षक जोडला की बारीक ठोकाही ऐकू येतो. इलेक्ट्रॉनिक साधन असेल तर त्याची फ्रिक्वेन्सी १८०० भागिले (३.१४ × बोअर मिमीमध्ये) इतके किलोहर्ट्झ ठेवा, ७० मिमी बोअरला ८.२ येते. दर फेरीला १ अंश पुढे घ्या. जिथे पहिला ठोका ऐकू येईल तिथून ३ अंश मागे या, आणि टाकीत पडू शकणाऱ्या सर्वांत कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर, सर्वांत गरम वेळी हीच चाचणी पुन्हा करा. शेवटच्या फेरीनंतर आयडलवर न रेंगाळता इंजिन बंद करून प्लग काढा. ठिपके दिसले तर आणखी २ अंश मागे, आवाज आला नसला तरीही.